गोड पाणी माणसांना, खारं पाणी गाडीला : दर्यापूर तालुक्यातल्या एका जुन्या डिझेल गाडीचं प्रकरण

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी घराचं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. माणसांची नावं, गावाचं नाव, गाडीची कंपनी आणि गाडी विकणारा, हे सगळं वगळलं आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. ही गाडी माझ्यापर्यंत आली तेव्हा ती घेऊन वर्ष होत आलं होतं आणि घरात तिचं नाव काढलं की भांडण होत होतं. जुनी गाडी घेऊन पस्तावलेली घरं आमच्या भागात पुष्कळ आहेत. गाडी नेमकी कशामुळे बिघडते याचा माग मात्र क्वचित कोणी शेवटपर्यंत काढतं. या घराने तो काढला, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

घर आणि गरज

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. इथे जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण त्यावर ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देऊन शेती, करता येत नाही. केलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षार साठून टणक आणि नापीक, होते. त्यामुळे शेती बहुतेक कोरडवाहू. कापूस, तूर, मूग आणि ओल टिकली तर हरभरा. माती काळी, खोल आणि चिकट. पावसाळ्यात पांधणीत बैलगाडीचं चाकही रुततं, आणि उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीवर बांधलेला रस्ता वर्षभरात लाटांसारखा होतो. अमरावती ते अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करून गिनीज विक्रम झाला. त्या महामार्गाचा आम्हाला अभिमान आहे. पण गावातून मोठ्या रस्त्यापर्यंतचे सहा किलोमीटर कसे पार करायचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

घर दोन भावांचं, एकत्र. अकरा एकर शेती. थोरला शेती पाहतो, धाकटा दर्यापुरात कृषी केंद्रात कामाला आहे. वडिलांना घरात सगळे बाबा म्हणतात. २०२३ च्या पावसाळ्यात बाबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान झालं आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा अमरावतीला, दर वेळी सुमारे चार तास मशीनवर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे उपचाराचा खर्च अंगावर आला नाही. अंगावर आलं ते जाणं-येणं. या पट्ट्यात किडनीचे रुग्ण गावोगाव दिसतात आणि लोक त्याचं खापर खाऱ्या पाण्यावर फोडतात.

ज्यांना प्रवास एवढा का अवघड वाटावा असा प्रश्न पडेल त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वे दर्यापूरवरून जायची, ती बंद पडली. एसटी आहे, पण २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि तेव्हापासून गावच्या फेऱ्यांवरचा लोकांचा भरवसा उडाला. काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नाही. डायलिसिस झाल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरतो, पायांत बळ राहत नाही, उलटी होते. त्या अवस्थेत सत्तरीच्या माणसाने अमरावतीच्या स्टँडवर उभं राहून गाडीची वाट पाहायची, दर्यापूरला उतरून दुसरी गाडी धरायची आणि रात्री फाट्यावरून मोटारसायकलवर मधे बसून घरी यायचं. काही महिने बाबांनी हे सोसलं. गाडी घ्यायचा विचार शौकातून आला नव्हता हे आधी नीट लक्षात घ्यावं, कारण पुढे घरातच एकमेकांना तसं बोललं गेलं.

खरेदी

जानेवारी २०२४. घरात कापूस भरून होता. २०२२ साली क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव सगळ्यांच्या मनात होता, म्हणून बऱ्याच घरांनी कापूस राखून ठेवला होता. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० रुपये होता आणि बाजार त्याच्या खालीवर घुटमळत होता. शेवटी कापूस विकला. त्यातले एक लाख साठ हजार गाडीसाठी बाजूला काढले. उरलेल्या रकमेसाठी थोरल्या सुनेचे दागिने सोनेतारण ठेवले. गाडी दोन लाख पंच्याऐंशी हजारांना ठरली: २०१४ ची डिझेल हॅचबॅक, एमएच ३० म्हणजे अकोल्याची नोंदणी, मीटरवर ७८ हजार किलोमीटर.

पाहणी कशी झाली ते थोरल्याने मला जसंच्या तसं सांगितलं. दोघे भाऊ संध्याकाळी पोचले. गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती. इंजिन गरम होतं. दोन किलोमीटर चांगल्या रस्त्यावर फिरवली. एसी गार होता, सीटकव्हर नवी होती, आवाज ठीक होता. बॉनेट उघडलं, पण कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं झाकण कोणी उघडलं नाही. टाकीतलं पाणी रंगहीन होतं हे थोरल्याला आठवतं. कूलंट हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी असतो. साधं पाणी दिसलं याचा अर्थ आधीच्या हातांनी कधीतरी गळती किंवा उकळी साध्या पाण्याने निभावून नेली होती. जुनी गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असताना जावं, आणि विक्रेत्याला आधी फोन करून ‘चालू करून ठेवू नका’ असं स्पष्ट सांगावं, हे मी मुलांना वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतो. थंड इंजिन चालू होताना निघणारा धूर आणि टाकीत उठणारे बुडबुडे जे सांगतात, ते गरम इंजिन लपवतं.

कागदांचं काम विक्रेत्याने ‘करून देतो’ म्हणून स्वतःकडे घेतलं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या होत्या, बाकी कोरे. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावं आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद करावी, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. भावांना तो माहीत नव्हता आणि विक्रेत्याकडे तसं पत्र नव्हतं. कित्येक महिने गाडी अकोल्याच्या त्या आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद बदलायची असते. ती न बदलता अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणजे अकोल्याच्या एका माणसाने विकून टाकलेल्या गाडीची जोखीम कित्येक महिने त्याच्या डोक्यावर होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

पहिला उन्हाळा

एप्रिलच्या मध्यापर्यंत गाडी चांगली चालली. बाबा मागच्या सीटवर आडवे होऊन यायचे. थोरली सून म्हणते, त्या दोन-तीन महिन्यांत बाबा डायलिसिसच्या दिवशीही रात्री दोन घास जेवायचे.

मग पारा ४४ वर गेला आणि गाडी अमरावतीच्या वाटेवर वलगावच्या अलीकडे उकळली. या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे. दिवा लागला तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. चहाच्या टपरीवरून पाणी आणून ओतलं आणि गाडी चालू झाली. गावाजवळच्या मिस्त्रीने बॉनेटखाली पाहिलं आणि म्हणाला, “काई नाई झालं भाऊ. पानी टाक अन् चाल.”

पुढच्या दोन महिन्यांत हे वाक्य या घराने वारंवार ऐकलं. एका मिस्त्रीने रेडिएटरचा, म्हणजे इंजिनातलं पाणी गार करणाऱ्या जाळीचा, पंखा डायरेक्ट केला, म्हणजे किल्ली फिरवली की पंखा कायम चालू. दुसऱ्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला. तिसऱ्याने झाकण बदललं, पण दुसऱ्या गाडीचं बसवलं. प्रत्येक उपायानंतर गाडी आठ-दहा दिवस बरी चालायची, त्यामुळे प्रत्येक उपाय खरा वाटायचा.

यातल्या प्रत्येक कामाने काय केलं ते सांगतो, कारण हे उपाय आमच्याकडे रोज होतात. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी त्याहून पंधरा-वीस अंश वर जाऊनही उकळत नाही. कमी दाबाचं झाकण बसवलं की ती सवलत गेली. थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवतो आणि साधारण ८५ अंशांच्या आसपास वाट मोकळी करतो. तो काढला की इंजिन हिवाळ्यात नीट गरम होत नाही आणि डिझेल जास्त खातं. उन्हाळ्यात त्याचा फायदा होतोच असं नाही, कारण रेडिएटरच चोंदलेला असेल तर पाणी कितीही फिरलं तरी गार होणार कुठे? पंखा डायरेक्ट केला की बॅटरी आणि पंख्याची मोटर झिजते. आणि तिन्ही उपाय मिळून खरा बिघाड झाकून ठेवतात. ज्या मिस्त्रीला तो दिसला असता, त्यालाही मग दिसत नाही.

पाणी

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो.

या गावात प्यायचं पाणी शहानूर धरणाचं. ते नळाने येतं, पण रोज नाही. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं. ते गोड पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला. धुणं, भांडी, ढोरं, अंगण, सगळं बोअरच्या खाऱ्या पाण्यावर. ही शिस्त इथल्या घरांत लहान पोरालाही ठाऊक असते. गोड पाण्याने हात धुणाऱ्या पोट्ट्याला आजी रागावते. अशा घरात गाडीची टाकी भरायला कोण गोड पाणी देईल? भावांची माय म्हणाली ते मी लिहून घेतलं आहे: “मानसाले पुरत नाई, त गाडीले कोठून देऊ?”

म्हणून गाडीला बोअरचं पाणी. टाकीतलं उतरलं की कॅनमधून भरायचं, आणि पाणी रोजच उतरत होतं. डिकीत खाऱ्या पाण्याचा कॅन कायम असायचा.

खाऱ्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. रेडिएटरच्या अगदी बारीक नळ्यांमध्ये पांढरा थर बसत जातो. चुलीवर रोज पाणी तापवणाऱ्या पातेल्याच्या आत या भागात जो थर बसतो तोच हा. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि नळीचं तोंडही बुजवतो. दुसरं नुकसान याहून वाईट. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, रेडिएटरही ॲल्युमिनियमचा. पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. ती या गाडीत नव्हतीच. खारं पाणी आत गेलं आणि त्याला अडवणारं काही नव्हतं.

बाहेरून आणखी एक मार बसत होता. तुरीच्या, सोयाबीनच्या कुटारातून (मळणीनंतरच्या भुशातून) आणि काळ्या मातीच्या धुरळ्यातून गाडी रोज जायची. रेडिएटरच्या आणि एसीच्या जाळ्यांत कुटार आणि माती बसून त्याची पापडी झाली होती. हवा आत जायला जागा नव्हती.

हे सगळं अज्ञानातून झालं असं कोणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. ज्या घरात पाणी मोजून वापरलं जातं त्या घराचा हिशेब पक्का होता. गाडीच्या बाबतीत तो हिशेब कसा उलटतो हे सांगायला चार मिस्त्रींपैकी कोणी तोंड उघडलं नाही. या पट्ट्यात गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने आणि दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने हे गिऱ्हाइकाला सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पस्तावा

जूनपर्यंत घरात गाडीवरून उभी फूट पडली. धाकटा म्हणायचा, “इकून टाक दादा, कायले तिच्यात पैसा घालतं?” थोरला म्हणायचा, पाहायला तूही होतास. थोरली सून काही बोलायची नाही. तिच्या माहेरच्या पाटल्या सोसायटीच्या तिजोरीत होत्या आणि व्याज चढत होतं. गावात पारावर लोक विचारायचे, गाडी कशी आहे? थोरला ‘मस्त’ म्हणायचा. घरी येऊन जेवत नसे.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं जे दिसलं ते इथे आहे. गाडी घेऊन चूक झाली असं एकदा मनात पक्कं बसल्यावर घराने ती सांभाळणं सोडलं. सर्व्हिसिंगची वेळ आली तर उत्तर असायचं, आता विकायचीच आहे, कशाला खर्च? होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, फुटला तर तारेने आवळला. कूलंट घाला असं पेट्रोलपंपावरच्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं होतं. पाच लिटरच्या कॅनचा भाव ऐकून तेही राहिलं. विकायला काढली तर येणारा गिऱ्हाईक लाखाच्या आसपास मागायचा, तेवढ्यात सोनं सुटत नव्हतं, म्हणून विकलीही नाही. म्हणजे गाडी ठेवण्याचे सगळे तोटे आणि विकण्याचे सगळे तोटे एकाच वेळी सुरू होते. त्या काळात बिघाड जितक्या वेगाने वाढला तितका तो आधीच्या मालकाकडे वाढला नव्हता, हे पुढे कागदांवरूनच दिसलं.

पस्ताव्यामुळे दुसरं एक झालं. घर दोषी शोधत राहिलं, कारण शोधायचं राहून गेलं. विक्रेत्याने फसवलं, मिस्त्रीने लुटलं, दादाने घाई केली. यातलं काही खरंही होतं. पण पाणी रोज कुठे जातं आहे, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. टाकीतून रोज पाणी कमी होतं आणि गाडीखाली मात्र ओल दिसत नाही. मग ते जातं कुठे?

सप्टेंबर

ते पाणी इंजिनात जळत होतं. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधली पाणी-वायू अडवणारी पट्टी, गेलं होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये, पावसाच्या दिवसात, बाबांना घेऊन जाताना गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच बंद पडली. इंजिन फिरेना. रस्त्यावर चिखल, दुसरं वाहन नाही. धाकटा दर्यापुराहून गाडी घेऊन येईपर्यंत डायलिसिसची वेळ टळली. दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळाला. रात्री बाबांना धाप लागली, आडवं झोपता येईना. मूत्रपिंड काम करत नसेल तर अंगात साठलेलं पाणी फुप्फुसात उतरतं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो; डायलिसिस चुकणं म्हणजे हे सगळं. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, बाबा वाचले. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि त्या रात्री तिने या घरावर उपकार केले.

बाबा घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “मी आता येष्टीनं जातो. गाडीत बसलो का जीव मुठीत ठेवा लागते.” थोरल्याला ते फार लागलं. ज्यांच्यासाठी गाडी घेतली तेच तिच्यात बसायला भ्यायले होते.

तपासणी

इथून पुढची कामगिरी थोरल्या सुनेची. नोंदणी बदलायची अडकली होती म्हणून तिने अकोल्याच्या आधीच्या मालकाचा पत्ता आरसी पुस्तकावरून काढला आणि दीर-भावजय तिथे जाऊन आले. तो निवृत्त कर्मचारी. गाडी अजून आपल्याच नावावर आहे हे ऐकून तो हादरला. त्याने लगेच सह्या दिल्या, आणि न मागता सर्व्हिसची फाइल काढून दिली. फाइलमध्ये दोन गोष्टी होत्या. २०२२ च्या एका नोंदीत किलोमीटर एक लाख बारा हजार. म्हणजे २०२४ मध्ये ७८ हजार दाखवणारं मीटर मागे फिरवलेलं होतं. आणि २०२३ च्या सुरुवातीच्या नोंदीत ‘कूलंट कमी, गळती तपासावी’ असा शेरा. त्याने तपासणी न करता गाडी विकली होती, पण विकताना तसं सांगितल्याचं तो म्हणतो. ते पुढे कोणापर्यंत पोचलं नाही.

हिवाळ्यात गाडी ओढून माझ्याकडे आणली. फाइल हातात असल्यामुळे निम्मं काम झालेलं होतं. थंड असताना झाकण काढून स्टार्टर फिरवला तर टाकीत बुडबुडे. डिपस्टिकवर तेल फिकट, ताकासारखं. हेड उतरवलं. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळलेलं, हेड वाकलेलं, पाण्याच्या वाटांवर खड्डे आणि पांढरा थर. रेडिएटर कापून मुलांना दाखवला. निम्म्याहून अधिक नळ्या बंद होत्या. हेडला तडा नव्हता, हे नशीब. तडा असता तर मी गाडी भंगारात काढा म्हणालो असतो.

वाकलेलं हेड अमरावतीला फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं. गॅस्केट, नवा रेडिएटर, पाण्याचा पंप, सगळे होज, थर्मोस्टॅट, योग्य दाबाचं झाकण, पंख्याची मूळ वायरिंग, तेल-फिल्टर. सगळं मिळून ४२ हजार. कूलंट डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यात निम्मं-निम्मं.

हे पैसे घालायचे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मला विचारलं तेव्हा मी हिशेब मांडून दिला. आतापर्यंत गेलेले पैसे या हिशेबात धरायचे नाहीत. ते गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. पाहायचं एवढंच: बंद गाडी विकली तर साधारण ७० हजार येतील. त्यात दुसरी जुनी गाडी येणार नाही, आणि आली तरी तिचा इतिहास माहीत नसेल. या गाडीचा आता आहे. दुरुस्त केली तर नोंदणी २०२९ पर्यंत चालेल. दुरुस्तीनंतर काही महिन्यांत विकायची म्हटली तरी पावणेदोन लाखांच्या आसपास किंमत येऊ शकेल. थोरल्याचा जीव या गाडीवरून उडाला होता, पण आकडे त्याला पटले.

विक्रेत्याचं काय?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. हेडच्या बिघाडासाठी मागणी टिकणं कठीण होतं, कारण घराने स्वतः नऊ महिने खारं पाणी घातलं होतं. पण मीटरचा पुरावा लेखी होता. मी म्हणालो, मीटरपुरती तक्रार करा. घराने केली नाही. आयोगाच्या तारखांना डायलिसिस सोडून कोण जाणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. मीटर फिरवणाऱ्याला कोणी विचारतच नाही म्हणून तो फिरवत राहतो.

या गाडीसोबत राहणं

दुरुस्तीनंतर गाडीवर लगेच विसंबायचं नाही, असं थोरल्या सुनेने ठरवलं. पहिले काही महिने बाबा गावातल्या एका भाड्याच्या गाडीने अमरावतीला जात. शेजारच्या दोन गावांतले आणखी दोन रुग्ण त्याच दिवशी जाणारे निघाले, तिघांत भाडं वाटलं गेलं. हे आधीच सुचायला हवं होतं असं धाकटा म्हणतो, आणि खरं आहे. पण घरची गाडी दारात उभी असताना भाड्याची बोलावणं कोणाला सुचत नाही. घरची गाडी त्या काळात बाजाराला, लग्नाला, दर्यापूरला. म्हणजे जिथे बंद पडली तरी कोणाच्या जिवावर बेतणार नाही तिथे. एप्रिल-मेचं ऊन तिने काढलं तेव्हा बाबा परत तिच्यात बसले.

सकाळी इंजिन थंड असताना टाकीची खूण पाहायची आणि वहीत लिहायची, हे काम सून करते. महिनाभर खूण हलली नाही तर गॅस्केट ठीक आहे. खूण रोज उतरू लागली तर दिवा लागायची वाट पाहायची नाही, कारण पाणी फार कमी झालं की सेन्सर पाण्यात बुडलेला राहत नाही आणि दिवा लागतोच असं नाही. डिकीत खाऱ्या पाण्याच्या कॅनऐवजी तयार कूलंटचा डबा असतो. त्यावर मायने चुन्याने फुली मारली आहे, पोरांनी चुकून पिऊ नये म्हणून. कूलंट विषारी असतो आणि चवीला गोड लागतो, हे तिला सांगितल्यावर तिने स्वतःहून केलेलं काम. गाडी गरम झालीच तर एसी बंद, हीटर पूर्ण सुरू, बाजूला घेऊन इंजिन बंद, अर्धा तास झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीच नाही. महिन्यातून एकदा रेडिएटरच्या जाळीतून पाण्याच्या हलक्या धारेने कुटार काढायचं. त्याला मात्र पाणी जातं, आणि ते गोड वापरायचं की खारं यावर सासू-सुनेचं एकदा वाजलं. शेवटी पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवायचं ठरलं.

सोनं तुरीच्या चुकाऱ्यावर, म्हणजे विक्रीच्या पैशावर, सोडवलं. गाडी आता काय करायची यावर घरात एकमत नाही. थोरला म्हणतो, बाबा आहेत तोवर ठेवू. धाकट्याला ती आता किंमत येते आहे तोवर विकायची आहे आणि पेट्रोलची घ्यायची आहे. २०२९ जवळ येईल तसा भाव पडेल हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक पाहून गेला. सुनेने त्याच्यापुढे आधी अकोल्याची फाइल ठेवली, मग हेडचं बिल, मग वही. एक लाख पासष्ट हजार मागून तो गेला आहे, आणि दोघा भावांचं अजून ठरायचं आहे.